फ्लोरिन काढल्यावर कापड लवकर का भिजते? जॅकेटच्या कापडातील घातक रसायने कमी करण्याविषयी

आपण लिहिले आहे की आपल्या प्रक्रिया केंद्रात गिर्यारोहणाच्या आणि पावसाळी जॅकेटांसाठी लागणाऱ्या नायलॉन व पॉलिएस्टरच्या कापडावर पाणी झटकणारे फिनिश (कापडावरचा शेवटचा रासायनिक थर) दिले जाते, आणि ज्या कंपनीचे काम आपण करता तिने यापुढे पीफास, म्हणजे निसर्गात सहज न मोडणाऱ्या फ्लोरिनयुक्त सेंद्रिय रसायनांच्या, गटातील एकही रसायन चालणार नाही असे कळवले आहे. त्यानुसार आपण फ्लोरिनविरहित रसायन आणले. नव्या कापडावरून पाणी छान घरंगळते, पण पाच धुण्यांतच कापड भिजू लागते. तेल झटकण्याच्या चाचणीत निकाल शून्य येतो. आणि ज्या लॉटमध्ये फ्लोरिन वापरलेच नव्हते त्यातही प्रयोगशाळेला फ्लोरिन सापडले. यावर आपला प्रश्न असा, की यापेक्षा चांगले रसायन कोणते, आणि फ्लोरिन गेल्यावर कापड खरोखर निर्धोक झाले असे म्हणता येईल का.

कापडाच्या फिनिशिंगमध्ये अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की या तिन्ही तक्रारींचे मूळ डब्यातल्या रसायनात फारसे नसते. फ्लोरोकार्बन, म्हणजे जुने फ्लोरिनयुक्त फिनिश, हे अतिशय क्षमाशील रसायन होते. कापड नीट धुतलेले नसले, तापमान थोडे कमी पडले, पाण्यात कसला अंश राहिला, तरी ते बहुतेक वेळा निभावून नेत असे आणि आधीच्या टप्प्यांतील ढिलाई झाकली जात असे. ते काढल्याबरोबर ती ढिलाई उघडी पडते. त्यामुळे आधी कापडाकडून नेमके काय हवे ते ठरवावे, मग फिनिशपूर्वीची तयारी सुधारावी आणि त्यानंतरच रसायनांची तुलना करावी, असा क्रम मी सुचवेन. अर्थात कापडाची वीण, त्याचा अंतिम वापर, माल कोणत्या देशात जाणार आणि आपली यंत्रे फ्लोरिनच्या कामासाठीही वापरली जातात का, यांवर पुढील बरेच काही अवलंबून राहील. जिथे उत्तर बदलते तिथे मी तसे सांगेन.

तेलाच्या चाचणीपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर स्पष्ट आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, तर बहुतेक तेलांचा साधारण 25 ते 35 च्या दरम्यान. पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा बरीच कमी असेल तर तो द्रव पसरत नाही, थेंब होऊन राहतो. उघड्या पॉलिएस्टरची ही ऊर्जा चाळीसच्या आसपास, मेणाची आणि सिलिकोनची वीस ते तीसच्या दरम्यान, आणि फ्लोरोकार्बनच्या दाट थराची पंधराच्याही खाली असते. म्हणजे पाणी झटकण्यासाठी मेणासारखी हायड्रोकार्बन साखळी पुरेशी आहे. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तेही त्यावरील मेणामुळे आणि सूक्ष्म खडबडीतपणामुळेच. तेल झटकण्यासाठी मात्र फ्लोरिनच लागते, आणि कोणताही पुरवठादार फ्लोरिनविरहित फिनिशमध्ये तेलाची चांगली श्रेणी मिळेल असे सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी चाचणी अहवाल मागावा.

म्हणून खरा प्रश्न असा, की पावसात घालायच्या जॅकेटला तेल झटकण्याची गरज आहे का? अग्निशमन दल, शस्त्रक्रियागृह किंवा रसायनांशी थेट संपर्क येणारे काम यांसाठीच्या संरक्षक कपड्यांत ती गरज खरी आहे, आणि म्हणूनच अनेक कायद्यांनी त्यांना वेगळी वागणूक दिली आहे. डोंगरात चालणाऱ्या माणसाची गरज पाऊस, वारा आणि घाम एवढीच असते. तेलाची अट बहुतेक तपशीलपत्रकांत केवळ फ्लोरोकार्बन ती पुरवू शकत होते म्हणून शिरली आणि तशीच राहिली. आपल्या ग्राहक कंपनीला हे लिहून कळवा आणि ती अट काढायला लावा. फ्लोरिन बंद करा असे सांगणारी आणि त्याच वेळी तेलाची श्रेणी मागणारी कंपनी अशक्य गोष्ट मागत असते, आणि बहुतेकदा तिच्या खरेदी विभागाला याची कल्पनाच नसते.

एवढी खटपट कशासाठी, हे केंद्रातील कामगारांनाही समजले पाहिजे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. तो निसर्गात जवळजवळ तुटत नाही. जुन्या, आठ कार्बनांच्या साखळीच्या फिनिशमधून पीएफओए हे आम्ल तयार होते. माणसाच्या शरीरात गेलेले पीएफओए निम्मे होण्यास काही वर्षे लागतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस हे त्याच गटातील दुसरे रसायन 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये आले. उद्योगाने मग सहा कार्बनांची साखळी स्वीकारली. तिच्यापासून होणारे आम्ल शरीरात तेवढे साचत नाही, परंतु ते तितकेच टिकाऊ आहे, पाण्याबरोबर अधिक सहज वाहते आणि सक्रिय कोळशाच्या गाळणीतून लांब साखळीच्या रेणूंपेक्षा लवकर निसटते. म्हणून आठवरून सहावर जाणे हा माझ्या मते उपाय नव्हता, केवळ मुदतवाढ होती.

ती मुदतही आता संपत आली आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून पीफास मुद्दाम घातलेल्या कपड्यांच्या विक्रीस बंदी आहे. अतिशय ओल्या हवामानासाठीच्या खास कपड्यांना 2028 च्या आरंभापर्यंत सवलत आहे, पण त्यांवर पीफास असल्याचे जाहीर करावे लागते. तेथे एकूण सेंद्रिय फ्लोरिनची मर्यादा दशलक्ष भागांत 100 भाग अशी असून 2027 पासून ती 50 होईल. फ्रान्सने 1 जानेवारी 2026 पासून आणि डेन्मार्कने 1 जुलै 2026 पासून कपड्यांसाठी बंदी ठरवली, आणि सहा कार्बनांच्या साखळीवरील युरोपीय संघाचे निर्बंध सर्वसामान्य ग्राहकांच्या कपड्यांना ऑक्टोबर 2026 पासून लागू होतात. आपला माल यांपैकी कोठे जातो ते ग्राहक कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण मर्यादा मोजण्याची पद्धत ठिकाणानुसार वेगळी आहे.

आता धुण्यानंतर भिजण्याचा मुद्दा. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण नव्वद टक्के जिंकणे-हरणे येथेच ठरते असा माझा अनुभव आहे.

फवाऱ्याच्या चाचणीत 45 अंशांत तिरप्या धरलेल्या कापडावर 150 मिलिमीटर उंचीवरून 250 मिलिलिटर पाणी सोडतात, कापड झटकतात आणि ओलाव्याचा ठसा मानक चित्रांशी ताडून 100, 90, 80, 70, 50 किंवा 0 अशी श्रेणी देतात. नव्या कापडाला 100 मिळणे फार अवघड नसते. धुतल्यावर श्रेणी कोसळते तेव्हा मी पहिल्यांदा फिनिशकडे न पाहता, फिनिश लागण्यापूर्वीच्या कापडाकडे पाहतो. सुताला लावलेले तेल, विणण्यापूर्वीची खळ, रंगाईत रंग सारखा बसवणारा लेव्हलिंग एजंट, फेस मारण्यासाठी टाकलेले सिलिकोन यांपैकी काहीही धाग्यावर राहिले असेल, तर फिनिश धाग्याला न चिकटता त्या मधल्या थराला चिकटते आणि धुण्यात त्याच्यासह निघून जाते.

याची परीक्षा करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. फिनिशला जाणाऱ्या रोलच्या दोन्ही कडांतून आणि मध्यातून एकेक तुकडा कापा. ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडा. तो गोल राहून बसला तर तेथे तेल किंवा सिलिकोन शिल्लक आहे. तो झटकन पसरला तरी निश्चिंत होऊ नका, कारण मागे राहिलेल्या वेटिंग एजंटमुळेही (कापड लवकर भिजवणाऱ्या रसायनामुळेही) थेंब असाच पसरतो. म्हणून त्याच कापडाचे लहान तुकडे करून झाकणाच्या बाटलीत कोमट शुद्ध पाण्यात घाला, जोराने हलवा आणि बाटली टेबलावर ठेवून पाहा. फेस क्षणात विरला तर ठीक. पाण्यावर कडे धरून राहिला तर कापडात सर्फॅक्टंट (साबणासारखे भिजवणारे द्रव्य) आहे आणि त्यावर कितीही महाग फिनिश लावले तरी ते पाण्याला आत येण्याची वाट करून देणार. कडा आणि मध्य यांचे निकाल वेगळे आले तर धुलाईच्या यंत्रात पाणी सारखे पोहोचत नाही असे समजावे. याच पाण्याचा सामू (पीएच) पाहावा; तो किंचित आम्लधर्मी, साधारण 5 ते 6.5 च्या दरम्यान असावा. रिडक्शन क्लिअरिंगनंतरचा (रंगाईनंतर सुटा रंग काढणाऱ्या धुलाईनंतरचा) अल्क नीट न काढलेल्या पॉलिएस्टरवर फिनिशचे इमल्शन (पाण्यातील मिश्रण) अनेकदा कुंडातच, म्हणजे कापड बुडवायच्या टाकीतच, फुटते.

यावरचा उपाय अधिक रसायन हा नसून शेवटच्या धुण्याला आणखी एक गरम पाण्याचा टप्पा देणे आणि शक्य तिथे आधीच्या टप्प्यांतील सहायक रसायने कमी करणे हा आहे. फिनिशच्या कुंडात वेटिंग एजंट लागलाच तर उष्णतेने उडून जाणारा किंवा पुन्हा न भिजवणारा प्रकारच घ्यावा. मृदुकारक त्याच कुंडात घालण्याची सवय असेल तर ती पूर्ण सोडावी.

दुसरी बाब क्युअरिंगची, म्हणजे उष्णतेने फिनिश पक्के करण्याची. पुरवठादाराच्या पत्रकात 150 ते 170 अंश सेल्सिअसच्या दरम्यानचा एखादा आकडा असतो, आणि तो कापडाच्या तापमानाचा असतो. स्टेंटरच्या (कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्राच्या) फलकावर दिसते ते कक्षातील हवेचे तापमान. ओले कापड आत शिरल्यावर आधी त्यातील पाणी उडते, आणि तोपर्यंत कापड हवेच्या तापमानाला पोहोचतच नाही. यंत्राचा वेग वाढवला असेल तर ते शेवटच्या कक्षातही कमी पडते. अवरक्त तापमापकाने किंवा कापडावर चिकटवायच्या तापमानपट्टीने प्रत्यक्ष मोजावे, आणि वजनदार कापडासाठी वेग वेगळा ठरवावा. माझ्या पाहण्यात आलेल्या धुण्याच्या तक्रारींपैकी कितीतरी केवळ वेग कमी करून मिटल्या आहेत.

तिसरी बाब फिनिशला धाग्याशी बांधणाऱ्या क्रॉसलिंकरची. त्याशिवाय अनेक फ्लोरिनविरहित फिनिश धुण्यात टिकत नाहीत. पण नेमके येथेच एक घातक रसायन काढून दुसरे आणण्याचा धोका आहे. ब्लॉक केलेल्या (उष्णता मिळेपर्यंत निष्क्रिय ठेवलेल्या) आयसोसायनेट या क्रॉसलिंकरमध्ये ब्लॉकिंगसाठी पुष्कळदा ब्यूटेनोन ऑक्झाइम वापरतात. ते उष्णतेने सुटून स्टेंटरच्या हवेत जाते आणि युरोपात ते कर्करोगजनक म्हणून वर्गीकृत आहे. डायमिथिलपायराझोलने ब्लॉक केलेला पर्याय मागावा. मेलामाइन रेझिनच्या आधाराने टिकाऊपणा मिळवला असेल तर कापडातील आणि कामाच्या जागेतील फॉर्मल्डिहाइड तपासावे. फिनिश सिलिकोनचे असेल तर डी4, डी5 आणि डी6 या चक्रीय सिलॉक्झेनचे अवशेष किती आहेत ते विचारावे. युरोपीय संघाने 2018 मध्ये तिघांचीही नोंद अतिचिंताजनक पदार्थांत केली आहे.

हे सर्व करूनही फ्लोरिनविरहित फिनिशचे प्रमाण वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रमाण जास्त झाले की गडद कापडावर नखाने ओढल्यास पांढरी रेघ उठते, सूत एकमेकांवरून सरकून शिवणी उसवतात आणि कापडामागचा जलरोधक पडदा किंवा शिवणपट्टी नीट चिकटत नाही. त्यापेक्षा कापडाच्या रचनेकडे वळावे. बारीक तंतूंची दाट वीण पाण्याला आत शिरायला जागाच कमी ठेवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापूस संशोधन संस्थेने थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी व्हेंटाइल हे कापड घडवले. त्यात लांब तंतूचा कापूस इतका दाट विणला होता की ओला होताच तो फुगून छिद्रे बंद करी. सिंथेटिक तंतू तसे फुगत नाहीत, तरी दाट विणीला कमी रसायन पुरते हे सूत्र तेथेही खरे ठरते. ही निवड आपल्या हातात नसेल, पण कापड निवडणाऱ्याला हे सांगणे आपल्या हातात आहे.

फ्लोरिन न वापरताही ते कोठून आले, हा आपला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एकूण फ्लोरिनच्या चाचणीत नमुना जाळून त्यातील फ्लोरिन मोजतात, त्यामुळे कोणत्याही मार्गाने आलेला अंश दिसतो. त्याच मँगलवर (फिनिशमध्ये बुडवलेले कापड पिळणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) पूर्वी फ्लोरोकार्बन चालत असेल तर कुंड, रबरी रोलर, डोसिंग पंप, नळ्या आणि मिसळण्याची पिंपे आधी संशयित धरावीत. त्याहून दुर्लक्षित जागा दोन. एक म्हणजे स्टेंटरच्या धुराड्यात आणि छतावर साचलेला चिकट थर, जो गरम झाल्यावर थेंबांच्या रूपाने कापडावर पडतो. दुसरी म्हणजे लॉटच्या आधी व नंतर शिवले जाणारे लीडर कापड. ते पूर्वीच्या सगळ्या फिनिशमधून गेलेले असते आणि नव्या कुंडातून पहिले तेच जाते. लीडर कापड बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि बहुतेक ठिकाणी तो सुचतच नाही. डाग न धरणाऱ्या फिनिशमध्येही फ्लोरिन असू शकते, आणि पीटीएफई या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा पडदा जोडलेल्या कापडात तर आकडा प्रचंडच येणार. म्हणून नमुना पडदा जोडण्यापूर्वीचा घ्यावा, आणि फिनिशपूर्वीचे कापड, लीडर व कुंडातील द्रव यांचे नमुने वेगळे पाठवावेत. त्याशिवाय स्रोत कळत नाही. शक्य असेल तर एक मँगल कायमचे फ्लोरिनमुक्त ठेवावे.

जुन्या फ्लोरोकार्बनचे उरलेले डबे संपवून टाकू म्हणून वापरू नयेत आणि गटारात तर मुळीच ओतू नयेत. जैविक सांडपाणी प्रक्रियेत हे रेणू मोडत नाहीत. ते गाळात किंवा नदीत जातात. डबे पुरवठादाराला परत करावेत किंवा घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावेत.

कुंडाविषयी आणखी एक. फिनिशिंगमधून सांडपाण्यात जाणाऱ्या रसायनाचा मोठा वाटा लॉट संपल्यावर कुंडात उरलेल्या द्रवाचा असतो, मग ते फिनिश कितीही सौम्य असो. 100 किलो कापड आणि 40 टक्के पिक-अप (कापडाच्या वजनाच्या तुलनेत उचललेला द्रव) असेल तर कापड 40 लिटर द्रव उचलते. त्यात कुंड भरण्यापुरता द्रव मिळवला की गरज कळते. तरीही सवयीने भरपूर जास्त द्रव बनवला जातो. अरुंद कुंड, अचूक हिशेब आणि एकाच फिनिशचे लॉट सलग घेणे एवढ्याने हा भार कमी होतो, आणि यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता निर्धोकपणाचा प्रश्न. फ्लोरिन गेले म्हणजे कापड निर्धोक झाले असे म्हणता येणार नाही. धुलाईत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असलेले डिटर्जंट वापरले असेल तर ते पाण्यात मोडून हार्मोनच्या कार्यात अडथळा आणणारे नोनिलफिनॉल तयार होते; युरोपीय संघात धुण्याजोग्या कापडात त्याची मर्यादा फेब्रुवारी 2021 पासून वजनाच्या 0.01 टक्के आहे. पॉलिएस्टर रंगवताना क्लोरीनयुक्त कॅरिअर (रंग तंतूत शिरवणारे सहायक रसायन) वापरण्याऐवजी 130 अंशांवर दाबाखाली रंगवावे, आणि मोठ्या प्रमाणात एकच रंग हवा असेल तर सूत घडतानाच रंग मिसळलेले कापड घ्यावे. पॉलियुरेथेनचे कोटिंग डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये होत असेल तर त्याची वाफ यकृताला आणि प्रजननाला घातक असते. पाण्यावर आधारित कोटिंग बऱ्याच कामांना पुरते, मात्र जास्त जलदाब सोसायचा असेल तर ते आधी तपासून घ्यावे.

यासाठी आपण दोन याद्या वेगळ्या ओळखाव्यात. तयार मालातील निर्बंधांची यादी ग्राहकाचे रक्षण करते. उत्पादनातील निर्बंधांची यादी, उदाहरणार्थ घातक रसायनांचा विसर्ग शून्यावर आणण्यासाठी 2011 मध्ये सुरू झालेल्या झेडडीएचसी उपक्रमाची, डबा केंद्रात येतानाच तपासते आणि म्हणून ती कामगाराचे व नदीचेही रक्षण करते. तयार कापडात एखादे रसायन सापडले नाही याचा अर्थ ते वापरले गेले नाही असा होत नाही. कित्येकदा ते सांडपाण्यात गेलेले असते. त्यामुळे मी नेहमी दुसऱ्या यादीपासून सुरुवात करतो आणि प्रत्येक डब्याचे अनुरूपता प्रमाणपत्र लॉट क्रमांकासह ठेवतो.

ग्राहक कंपनीला पत्र लिहिताना तीन गोष्टी मागाव्यात: तेलाची अट रद्द, फवारा चाचणीची श्रेणी किती धुण्यांनंतर आणि कोणत्या वाळवण्याच्या पद्धतीने मोजायची याचा स्पष्ट उल्लेख, आणि जॅकेटवर देखभालीची योग्य सूचना. तिसरी गोष्ट किरकोळ नाही. फ्लोरिनविरहित फिनिशवर अंगाचे तेल आणि धूळ बसली की पाणी पसरू लागते, म्हणून असे जॅकेट न धुता वर्षभर वापरण्यापेक्षा वेळोवेळी धुणे, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणे, कापड मृदू करणारे द्रव न वापरणे आणि गरज पडल्यास फ्लोरिनविरहित फवाऱ्याने पुन्हा फिनिश देणे, हे ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे. आपण आधी बाटलीतल्या फेसाची परीक्षा करून पाहा आणि कापडाचे प्रत्यक्ष तापमान मोजा. ते दोन निकाल, कापडाचे वजन आणि वापरलेल्या फिनिशचा प्रकार कळवल्यास क्रॉसलिंकरच्या प्रमाणाविषयी अधिक नेमके सांगता येईल.